रुसव्यात गेलेली गाडी

अक्षय्य तृतीयेचा दिवस. जागा देवळाली कॅम्प, एका बंगल्याचं अंगण. रक्कम अकराशे पन्नास रुपये, रोख. हजर माणसं चार : गाडी विकणारा गोरा डॉक्टर, ती घेणारे आमचे वडील म्हणजे दादा, गाडी तपासायला सोबत आणलेले उस्मानमिस्त्री, आणि मी. एवढं आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं या गाडीविषयी नाशिकपासून सिन्नरपर्यंत इतक्या तोंडांनी इतकं काही बोललं गेलं की ती मुळात कुणाची होती हेही लोक आपापल्या सोयीनं सांगू लागले.

हे प्रकरण लिहायचं माझ्या मनात नव्हतं. पण मागच्या महिन्यात शेजारच्या ओट्यावर आम्ही पाच-सहा जण चहाला बसलो होतो आणि विषय निघाला मोटारींचा. आपल्याकडं आलेली सगळ्यात चांगली गाडी कोणती आणि सगळ्यात वाईट कोणती, असं ज्यानं त्यानं सांगायचं. एक गृहस्थ मूळचे सिन्नरचे. ते हसत हसत म्हणाले, "आमच्या लहानपणी गल्लीत एका तंबाखूवाल्याकडं मोटार होती. सासऱ्यानं जावयाच्या गळ्यात मारलेली. असली भिकार गाडी मी जन्मात दुसरी पाहिली नाही. कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात!" सगळे हसले. मी कप खाली ठेवला. ती आमची गाडी होती. तीस वर्षं होऊन गेली, आणि अजून ती सिन्नरच्या तोंडी भिकार आहे. त्या गृहस्थांना मी तिथं काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर ओरडलो असतो, आणि दुसऱ्याच्या ओट्यावर ओरडू नये. म्हणून इथं लिहितो.

दादांचे आधी दोन टांगे होते. नाशिक रोडला आगगाडी आली की यात्रेकरू उतरायचे, त्यांना पंचवटीत आणून सोडायचं, कुणाला त्र्यंबकला जायचं असलं तर पहाटे निघायचं. रविवार कारंजाच्या मागं आमचं भाड्याचं घर, दोन खोल्या आणि माजघर, आणि मागच्या बाजूला पत्र्याचा तबेला. उतारू नेणाऱ्या सर्विस मोटारी सुरू झाल्या तशी टांग्यांची त्र्यंबकची भाडी तुटली. दादांनी वर्षभर विचार केला, मग दोन्ही टांगे आणि तिन्ही घोडे विकले, आईची मोहनमाळ विकली, आणि उरलेल्या रकमेसाठी कुणापुढंही हात न पसरता अकराशे पन्नास जमवले. बदली होऊन चाललेल्या त्या डॉक्टरानं गाडी नीट वापरली होती. गडद हिरवा रंग, कॅनव्हासचं टप, मागं तिघं आणि पुढं चालकाशेजारी दोघं ऐसपैस बसतील एवढी जागा. तबेल्यात घोड्यांच्या जागी गाडी उभी राहिली. पुढं कितीतरी महिने तिथं घोड्याचा आणि पेट्रोलचा असा मिळून एक वास यायचा, आणि आई म्हणायची, "हा घोडा निदान रात्रीचा खिंकाळत तरी नाही."

गाडी आल्यावर घराचं घड्याळच बदललं. आई पहाटे चूल पेटवून आधी गाडीसाठी पाण्याचा डबा भरून ठेवायची, मग आमच्या अंघोळीचं पाणी. दादांची भाकरी, लसणाची चटणी आणि कांदा फडक्यात बांधून ठेवलेला असायचा. ते बाहेर जाऊन इंजिन सुरू करायला पुढून हँडल मारायचे. थंडीत दोनदा, उन्हाळ्यात एकदाच. त्या इंजिनाचा आवाज मला आजही ओळखता येईल. जाड, सरळ, मध्ये कुठं ठेच न लागणारा. संध्याकाळी गाडी व्हिक्टोरिया पुलावर आली की आई माजघरात बसल्या बसल्या म्हणायची, "आले. तवा ठेव गं गोदा." पुलावरून आमच्या घरापर्यंत गाडी येईतो पहिली भाकरी फुगलेली असायची.

रविवारी भाडं नसलं तर दादा जुनं धोतर नेसून तबेल्यात बसायचे. तेल मोजायची सळई बाहेर काढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा आत घालून पाहायची. तेल काळं झालं असेल तर बदलायचं, कमी असेल तर घालायचं. "इंजिनाला भूक लागली तर ते सांगतं, तहान लागली तर सांगत नाही," असं ते मला म्हणाले होते. भूक म्हणजे पेट्रोल, तहान म्हणजे तेल. गोदाताई, माझी थोरली बहीण, उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसायची आणि चेष्टा करायची, "दादा, देवाला एवढ्या भक्तीनं तेल घातलं असतंत तर आपण आज राजे असतो." पण आत गेल्यावर तीच फडकी धुऊन वाळत घालायची. तीन वर्षं ती गाडी चालली. एक टायर फुटण्यापलीकडं तिनं कधी रस्त्यात बसवलं नाही. सिंहस्थाच्या गर्दीतही नाही. मी तिच्यावरच शिकलो आणि तिच्यावरच मला लायसन मिळालं. माझ्या पाहण्यातली सगळ्यात चांगली गाडी कोणती, याला माझं उत्तर एवढंच आहे. त्यानंतर मी स्वतः चार गाड्या घेतल्या, त्यातली एक कोरी होती. तरी उत्तर बदललेलं नाही.

ताईचं लग्न सिन्नरच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या मुलाशी ठरलं. व्याही आबासाहेब. मुलाचं नाव वामनराव. हुंडा आठशे, तो लग्नाआधीच पोचता केलेला. मुलगा मॅट्रिक, गोरा, घरचं चांगलं; तोंड फिरवावं असं काही दिसलं नव्हतं. दादांनी नवऱ्या मुलाला देण्यासाठी एक मनगटी घड्याळ विकत घेऊन ठेवलं होतं. आपल्याकडं नवरदेव रुसतो, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. मांडवाच्या दारात वाहनातून उतरायचं नाही म्हणून बसतो, मग सासरा काहीतरी देतो, बायका चार विनोद करतात आणि नवरदेव हसत उतरतो. अंगठी, घड्याळ, फार झालं तर सायकल. तेवढ्यासाठी ते घड्याळ होतं. दादांनी ते कोटाच्या खिशात ठेवलं आणि सकाळपासून चार वेळा खिसा चाचपला.

जानोशाहून, म्हणजे वऱ्हाड उतरलं होतं तिथून, नवऱ्या मुलाला आणायला गाडी आम्हीच पाठवली. दादांची हौस! माझी बहीण, आमची गाडी, आणि चालवणारा मी. टपाला आंब्याच्या डहाळ्या बांधल्या होत्या, पुढच्या दिव्यांवर झेंडूच्या माळा. वामनराव मुंडावळ्या बांधून मागं बसले, शेजारी त्यांची बहीण करवली म्हणून कऱ्हा घेऊन, आणि पुढं माझ्याजवळ त्यांचे मामा. वाजंत्रीच्या मागून अगदी हळू गाडी आणत मी मांडवाच्या दारात उभी केली. आत भटजींनी घंगाळात घटिका सोडलेली होती. ते भोकाचं वाटीएवढं भांडं पाण्यानं भरून बुडलं की मुहूर्ताची वेळ जवळ आली. ताई आत गौरीहरापाशी बसलेली.

आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. दादा हात जोडून पुढं आले. "या, जावईबापू."

वामनराव बसूनच राहिले.

"काय हो, पाय झोपले का?" माझी एक मावशी म्हणाली. बायका हसल्या.

"नवरदेव रुसलाय आमचा," करवली ओरडली. "काय देता ते बोला आधी!"

दादा हसतच होते. त्यांनी खिशातून घड्याळ काढलं. "मनगट पुढं करा बरं."

वामनरावांनी घड्याळ हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि परत दादांच्या तळहातावर ठेवलं. "वेळ बघायला आमच्या घरात दोन घड्याळं आहेत."

"मग काय हवं, सांगा की."

त्यांनी बसल्या जागी सीटवर हात थोपटला. "ही."

लोक मोठ्यानं हसले. मीही हसलो, हे कबूल केलं पाहिजे, चेष्टाच वाटली. मग मी आरशात त्यांचं तोंड पाहिलं. ते हसत नव्हते. त्यांचे मामा रस्त्याकडं बघत होते, जसा काही तिथं फार महत्त्वाचा कुणी येणार आहे. मला तेव्हाच कळलं की हे जानोशात ठरवून झालेलं आहे.

दादा खालच्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, ही गाडी म्हणजे आमचं दुकान आहे. दुसरं काहीही मागा."

"मी मागत नाही काही. मी फक्त उतरत नाही."

दादांनी आबासाहेबांकडं पाहिलं. आबासाहेब उपरणं सावरत म्हणाले, "पोराचा हट्ट आहे. आजच्या दिवशी तो राजा. त्यात आम्ही बापानं मध्ये कसं पडायचं?"

आतून भटजींचा आवाज आला, "घटिका बुडत आली हो! वर कुठं आहे?" मग मांडवातली कुजबूज वाढू लागली. मागं उभ्या असलेल्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पुढच्यांना कळत होतं. कुणी एक पंचवटीतले वृद्ध गृहस्थ म्हणाले, "देऊन टाका हो, मुलीपेक्षा गाडी मोठी का?" त्यांचं नाव मला माहीत आहे, लिहीत नाही. स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्यांनी जावयाला साधी छत्री दिली होती. आई दादांच्या जवळ आली, तिच्या हातात अजून ओवाळणीचं ताम्हन होतं. ती एवढंच म्हणाली, "वेळ टळली तर पोरीचं काय?"

दादा म्हणाले, "दिली."

आणि वामनराव लगेच उतरले. हसतमुखानं. उतरताना त्यांनी माझ्यापुढं हात केला, किल्लीसाठी. मी किल्ली माझ्या मुठीत धरून बसलो होतो. दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मी ती दिली.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. होमाच्या वेळी कानपिळीचा मान नवरीच्या भावाचा असतो. भावानं नवऱ्याचा कान धरायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळा म्हणायचं, त्याला फेटा मिळतो, लोक हसतात. मी कान धरला. दोन बोटांत नीट पकडून, हँडल फिरवतात तसा पिळला. वामनरावांचा चेहरा वाकडा झाला. त्यांचे मामा म्हणाले, "अरे हळू, कान आहे तो, नळ नव्हे!" मांडव हसला. मी कान सोडला नाही. त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, "दर रविवारी तेल बघायचं. सळई काढून, पुसून, परत घालून. कळलं?" "कळलं, कळलं," ते म्हणाले. "आणि ताईला सांभाळायचं." "हो, हो." मग मी सोडला. त्यांचा कान पंगतीत बसेपर्यंत लाल होता. त्यांनी दिलेला फेटा मी पुढं उस्मानमिस्त्रींना हात पुसायला दिला. त्या दिवशी जिलबी होती, मसालेभात होता, मठ्ठा होता. मी काही खाल्लं नाही, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुपार उतरताना वरात सिन्नरला निघाली. ताई मागच्या सीटवर बसली, तोंड पदरात. गाडी चालवायला त्यांनी सिन्नरहून माणूस आणलेला होता. इथं मला आजही थांबावं लागतं. गाडी चालवायला माणूस सोबत घेऊन जो नवरदेव लग्नाला येतो, त्याचा रुसवा आदल्या दिवशीच सुरू झालेला असतो. आमच्या अंगणातून ती दिसेनाशी झाली तरी आवाज येत होता. जाड, सरळ. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "गेली." ती ताईबद्दल म्हणाली असणार. दादा तबेल्यात जाऊन रिकाम्या जागेत उभे राहिले.

घर तर चालायलाच हवं. जूनमध्ये दादांनी मनमाडच्या एका ठेकेदाराकडून तीनशे पंचाहत्तरला एक गाडी घेतली. सगळ्यात वाईट गाडी कोणती, याचं उत्तर द्यायचं तर ही. एक दार सुंभानं बांधलेलं, टपाला ठिगळं, पेट्रोल प्यायची ती बैलानं पाणी प्यावं तशी, आणि हँडल मारलं की उलटा झटका द्यायची. आम्ही तिला खेचर म्हणायचो. त्र्यंबकच्या वाटेवर यात्रेकरूंना उतरून धक्का मारावा लागे, एक म्हातारे मारवाडी दादांना म्हणाले, "भाडं आम्ही तुम्हाला द्यायचं का तुम्ही आम्हाला?" श्रावणात एका सकाळी मी पाणी ओतत असताना खेचरानं झटका दिला आणि दादांचं उजवं मनगट मोडलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. हाडवैद्यानं बांबूच्या पट्ट्या बांधल्या, पण हात सरळ झाला नाही तो नाहीच. त्यानंतर भाडी मी मारू लागलो. कॉलेजात नाव घालायचं चाललं होतं, ते राहिलं. तरी न्यायानं बोलायचं तर खेचर वाईट होतं, पण लबाड नव्हतं. लाथ मारतं, हे त्यानं पहिल्याच दिवशी दाखवलं होतं.

दिवाळसणाला ताई आणि वामनराव आले. सर्विस मोटारनं आले, हे पाहून मला शंका आली. पहाटे पाटाभोवती रांगोळी घातलेली, आईनं तेल-उटणं तयार ठेवलेलं. वामनराव पाटावर बसेनात. पुन्हा रुसवा.

"आता काय?" दादा म्हणाले. त्यांचा हात गळ्यात बांधलेला होता.

"तुम्ही गळ्यात मारलेली गाडी. बंद पडली. इंजिन आतून जाम धरलं म्हणतो चालवणारा माणूस. सगळ्या सिन्नरात आमची शोभा झाली. फसवी गाडी दिलीत तुम्ही."

मी दाराशी होतो. विचारलं, "भावजी, तेल कधी घातलं होतं?"

"तेल?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही भरून दिलं नव्हतं का?"

वैशाखापासून दिवाळीपर्यंत. एकदाही नाही. घाटातून, तेंदूच्या पानांची पोती लादून.

आई आतून, चुलीपुढून म्हणाली, "लग्नातल्या समईतसुद्धा मध्ये एकदा तेल घालावं लागतं हो, जावईबापू." ताई तोंडाला पदर लावून हसली. आईनं आयुष्यात जावयाला मारलेला तेवढा एकच टोमणा. वामनराव अंघोळ न करताच उठले. भाऊबीजेनंतर ते एकटेच परत गेले, आणि चार दिवसांनी आबासाहेबांचा निरोप आला : गाडी चालती करून पाठवा, सूनबाई त्याच गाडीतून येतील.

म्हणजे ताई आमच्याकडं राहिली. खोळंबलेल्या सामानासारखी. शेजारच्या बायका फुलवाती मागायला म्हणून यायच्या आणि विचारायच्या, "गोदा अजून इथंच का गं?" आई म्हणायची, "तब्येत बरी नव्हती." ताईची तब्येत उत्तम होती. ती सकाळी सगळ्यांच्या आधी उठून खेचराचं पाणी तापवायची. एकदा मी तिला म्हटलं, "ताई, तू जाऊच नकोस." ती म्हणाली, "वेड्या, मी इथं बसले तर दादा मान खाली घालून हिंडणार. मी जाणार आहे. पण गाडीचं शेपूट म्हणून नाही जायची."

मी आणि उस्मानमिस्त्री सिन्नरला गेलो. गाडी त्यांच्या मागच्या अंगणात, टप फाटलेलं, मागच्या सीटवर दोन कोंबड्या. उस्मानमिस्त्रींनी सळई काढून फडक्यावर पुसली आणि फडकं मला दाखवलं. "तेल न्हाई भाऊ, डांबर हाय ह्ये." आबासाहेबांनी चहा आणवला. मी घेतला नाही. ते म्हणाले, "भंगारवाल्यानं साठ रुपये सांगितले. तुमच्या भावना आहेत म्हणून ठेवली." त्या वर्षीचा गाडीचा टॅक्स आम्ही भरला होता, कारण नावावर करून घ्यायचा खर्च त्यांना नको होता, कागदावर गाडी अजून दादांचीच होती. हे मी त्यांना सांगितलं. "ते आपलं घरातलंच," ते म्हणाले.

बैल जोडून गाडी मोहदरीच्या घाटातून उतरवून आणली. मी स्टिअरिंगवर, ब्रेकवर पाय. पुढं बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, इंजिन मुकं. वाटेत शेतातली माणसं ओरडायची, "आरं, पेट्रोल चरायला गेलं काय?" "बैल पुढं अन् मोटार मागं, लय भारी!" मी समोर बघत राहिलो. त्यांचा काय दोष? दिसत होतं ते हसण्यासारखंच होतं.

खेचर भंगारात घातलं, पंच्याण्णव रुपये आले, ते बेअरिंग आणि सुट्या भागांत गेले. उस्मानमिस्त्रींनी मजुरी मागाहून घेतो म्हणून सांगितलं आणि मागाहून थोडी थोडी घेतली. मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी हँडल मारलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा इंजिन लागलं. आधी जरा खरखरलं, मग सरळ झालं. आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. दादा डाव्या हातानं टपाच्या लोखंडाला धरून उभे राहिले.

आठवड्यानं आबासाहेब आणि वामनराव आले. गाडी आणि सून, दोन्ही न्यायला. ओट्यावर सतरंजी अंथरली, पोहे दिले. वामनराव गाडीभोवती फिरून आले आणि म्हणाले, "रंगही द्यायला हवा होता." तेवढ्यात ताई बाहेर आली. डोक्यावर पदर, नेसण प्रवासाची. तिनं सासऱ्यांपुढं रुमालाची एक पुरचुंडी ठेवली.

"मामंजी, ही गाडी दादांना विकत द्या."

"म्हणजे? हे काय?"

"चारशे आठ रुपये आहेत."

आबासाहेबांनी तिच्या हातांकडं पाहिलं. तेव्हा मीही पाहिलं. आईनं लग्नात घातलेल्या पाटल्या नव्हत्या. नुसती हिरवी काकणं. आदल्या दिवशी ती आणि आई सराफ बाजारात जाऊन आल्या होत्या, देवदर्शनाला गेल्या असं मला सांगून.

"अंगावरचं सोनं विकलंत? न विचारता?"

"आईनं घातलेल्या होत्या. तुमच्या घरच्या बांगड्या ट्रंकेत आहेत, मोजून घ्या."

"चालती गाडी आहे, सूनबाई. पाचशे तरी—"

"बंद होती तेव्हा साठ म्हणालात."

वामनराव म्हणाले, "मग आपण जायचं कशातून?"

"सर्विस मोटारनं," ताई म्हणाली. "सगळं गाव जातं तसं. मला लाज नाही वाटत, तुम्हाला वाटत असली तर तुम्ही रुसून बसा. मी पुढं जाते."

दादा आतापर्यंत खाली बघत होते. ते उठले, आत गेले आणि ते घड्याळ घेऊन आले. मोडक्या हातानं पट्टा लावता येईना, म्हणून मी लावून दिला, ताईच्या डाव्या मनगटावर, हिरव्या काकणांच्या मागं. पुरुषी, मोठं घड्याळ. पट्ट्याला जास्तीचं भोक पाडावं लागलं. "किल्ली रोज द्यायची," दादा म्हणाले. ती म्हणाली, "मी देईन." ती पुढं सिन्नरला नांदली, तिला तीन मुलं झाली, वामनरावांबरोबर तिनं संसार केला. त्याबद्दल मी कधी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मात्र ते घड्याळ तिच्या हातावर मी अजून पाहतो, आणि सिन्नरात कुणाची छाती नाही त्याला हसायची.

गाडी त्यानंतर आमच्याकडं नऊ वर्षं चालली. कॉलेजचं नाव राहिलं ते राहिलंच, दादांचा हात वाकडाच राहिला, आणि माझा राग कमी झालेला नाही. तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही. कुणाच्या ओट्यावर यापुढं त्या गाडीचा विषय निघाला तर त्यांनी हिशेब असा सांगावा : चारशे आठ रुपये, रोख. दिले गोदाताईनं, आईच्या पाटल्या विकून. घेतले तिच्या सासऱ्यांनी, दोनदा मोजून. गाडी कागदावर तेव्हाही दादांच्याच नावावर होती. पावती मी मागितली. त्यांनी दिली नाही.